हसऱ्या अद्भुताचे वाचक

मराठी कादंबरीच्या इतिहासात एक हिशेब इतक्या वेळा मांडला गेला आहे की आता तो कोणी तपासतही नाही. सुरुवातीचा वाचक भाबडा होता. त्याला राक्षस, विमाने, जादूचे घोडे आणि स्वप्नात दिसणाऱ्या राजकन्या लागत. पुढे तो शहाणा झाला, त्याला आपल्याच घरातली माणसे पुस्तकात पाहावीशी वाटली, आणि हरिभाऊ आपटे आले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' हे एक टोक, 'पण लक्षात कोण घेतो!' हे दुसरे, आणि मधली वाट म्हणजे मराठी वाचकाचे वयात येणे. हा हिशेब शिकलो, पुढे वर्गात शिकवलाही. पण सोलापूरसारख्या गावात राहून जुन्या वाचनाच्या खुणा शोधू लागल्यावर त्यात एक आकडाच धरलेला नाही, असे माझे मत झाले आहे. तो आकडा म्हणजे हसू.

अद्भुताची आवड आणि हसण्याची आवड या दोन गोष्टी आपल्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. अद्भुत 'प्रारंभकाळा'त गेले, विनोदाचा आरंभ श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून धरला. मधल्या चाळीस वर्षांत वाचक काय वाचून हसत होते, हे कोणी फारसे विचारले नाही. उत्तर मात्र अगदी समोर आहे, एका पुस्तकाच्या नावातच आहे: 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. 'चमत्कारिक' हा शब्द सगळ्यांनी वाचला. त्याच्या आधीचा 'सुरस' मात्र नुसती शोभा समजून सोडून दिला.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून केलेल्या या भाषांतराचे भाग १८६१ पासून निघू लागले. पुढचे काम विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केले. कृष्णशास्त्री हे शाळाखात्यातले वजनदार गृहस्थ, संस्कृत पंडित, सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिणारे, 'मेघदूत' मराठीत आणणारे. अशा माणसाने हे काम का घेतले, याचा खुलासा काही जण 'भाषेला वळण लावण्यासाठी' असा करतात. असेलही. पण पुस्तक वाचताना मात्र शास्त्रीबुवा मजेत आहेत असे सारखे वाटते.

पहिल्या रात्रीची गोष्ट घ्या. एक व्यापारी झाडाखाली बसून खजूर खातो आणि बी फेकतो. लगेच तलवार उपसून एक जिन उभा राहतो: तुझ्या बीने माझा मुलगा मेला, तुला मारणार. मुलगा अदृश्य होता, व्यापाऱ्याला तो दिसणे शक्यच नव्हते. पण जिनाच्या कायद्यात याला माफी नाही. व्यापारीही वाद घालत नाही. घरची देणीघेणी मिटवायला एक वर्षाची मुदत मागतो आणि ठरल्या दिवशी मरायला परत येतो! मग तीन म्हातारे येतात आणि प्रत्येक जण जिनाला म्हणतो, माझी गोष्ट आवडली तर याच्या गुन्ह्याचा तिसरा हिस्सा मला माफ कर. खुनाच्या आरोपाचे असे रुपयाआण्यांसारखे तीन हिस्से होतात, आणि तेही गोष्टींवर. हे वाचून ज्याला भीती वाटेल तो वाचक भाबडाच. ज्याला कोर्टकचेरी ठाऊक आहे तो हसेल.

कोळ्याची गोष्ट तर याहून पुढची. जाळ्यात हंडा येतो, त्यातून धुराचा लोट आणि धुरातून अक्राळविक्राळ जिन. तो आपली कैफियत सांगतो: पहिल्या शंभर वर्षांत जो सोडवील त्याला श्रीमंत करीन म्हणालो, पुढच्या शतकांत आणखी मोठी वचने दिली, कोणीच आले नाही, आता मला इतका राग आला आहे की जो सोडवील त्याला मारणार, फक्त मरण कसे हवे ते त्याने सांगावे. कोळी हात जोडतो, रडतो, आणि मग अगदी सहज विचारतो: एवढा मोठा तू या एवढ्याशा हंड्यात मावतोस कसा? माझा तर विश्वास बसत नाही. जिनाचा अभिमान दुखावतो, तो आत शिरून दाखवतो, आणि कोळी झाकण लावतो. अद्भुत आणि विनोद इथे वेगळे काढता येत नाहीत. जिन जेवढा भयंकर, तेवढी कोळ्याच्या प्रश्नाची गंमत जास्त.

हे पुस्तक सोलापुरात कसे पोचले असेल याचा माग काढताना पहिल्यांदा रेल्वे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला आली १८६० मध्ये, म्हणजे अरबी गोष्टींचा पहिला भाग निघण्याच्या आदल्या वर्षी. पुण्यामुंबईचा छापील माल आठवडेच्या आठवडे बैलगाडीत न राहता गावात येण्याची सोय नेमकी त्याच वेळी झाली. १८७४ मध्ये मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली, १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे हीच 'जुनी गिरणी'. 'कल्पतरू आणि आनंदवृत्त' हे साप्ताहिक इथून निघत होते. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी बोलणारी जुनी कुटुंबे, उर्दू बोलणारे मोहल्ले आणि मराठी कचेरी-शाळा असा हा चौभाषिक गाव. चार भाषांच्या गावात कोणती गोष्ट टिकते? जी चारही ओट्यांवर सांगता येते ती.

पुस्तकाची प्रत एक आणि ऐकणारे वीस, हीच तेव्हाची वाचनाची रीत होती. आपण 'वाचक' म्हणतो तेव्हा एकटा, खुर्चीत बसलेला, मनात वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो. पोथीच्या सवयीत वाढलेल्या समाजाला वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे हेच ठाऊक होते. मोठ्याने वाचल्यावर विनोदाचे मोल वाढते. भीती एकट्याला वाटू शकते. हसू पसरत जाते, आणि वाचणारा त्या जागी थांबून समोरच्यांकडे बघतो. अरबी गोष्टींचा ढाचाही ऐकवण्यासाठीच बांधलेला. शहराजाद रोज पहाटे ऐन रंगात गोष्ट तोडते.

युरोपातही हे असेच झाले होते. आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०४ पासून या गोष्टी फ्रेंचमध्ये आणल्या आणि तिथून त्या जगभर गेल्या. त्यातल्या अल्लाउद्दीन आणि अलिबाबा या दोन गोष्टी तर जुन्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. हलब शहरातल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने त्या १७०९ मध्ये पॅरिसला गालाँला तोंडी सांगितल्या. आख्यायिका अशी आहे की कडाक्याच्या थंडीत रात्री उशिरा पॅरिसचे टवाळ तरुण गालाँच्या खिडकीखाली गोळा होत आणि शहराजादच्या बहिणीच्या थाटात ओरडत, झोपला नसाल तर ती सुंदर गोष्ट सांगा! बिचारा पंडित उठून खिडकीत यायचा. वाचकांच्या वेडाची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही. त्या वेडात पुन्हा थट्टा आहेच.

काही वर्षांपूर्वी सोलापुरातच रद्दीच्या दुकानात मला अरबी गोष्टींचा एक सुटा भाग मिळाला. मुखपृष्ठ गेलेले, एका बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का अर्धवट. मजकूर मला पाठ होता, म्हणून मी कागद बघत बसलो. राजवाड्यांची आणि बागांची वर्णने असलेली पाने जवळजवळ कोरी. कुबड्याच्या आणि न्हाव्याच्या गोष्टींची पाने मात्र कोपऱ्यात काळी पडलेली, दोन ठिकाणी खळीने चिकटवलेली, एका पानावर तेलाचा डाग. जिथे न्हावी 'मी मुळीच बोलत नाही' असे सांगत पानेच्या पाने बोलतो, तिथे समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने हा आमच्या मामासारखा असल्याचे लिहून ठेवले आहे. खाली दुसऱ्या हाताने होकार दिला आहे. एका प्रतीवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. पण ग्रंथपाल मंडळींनी अशा झिजलेल्या पानांची नोंद ठेवली असती तर आपल्या वाङ्मयेतिहासाची काही प्रकरणे वेगळी झाली असती.

ज्यांनी हा भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शिंप्याच्या घरी जेवताना कुबड्याच्या घशात माशाचा काटा अडकतो आणि तो मेल्यासारखा पडतो. शिंपी त्याला वैद्याच्या जिन्यात ठेवून पळतो, वैद्य अंधारात त्याला धडकून समजतो आपणच मारला. तो शेजारच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याकडे टाकतो, कारभारी चोर समजून काठी हाणतो, आणि शेवटी बाजारात एका दारूड्या दलालाच्या डोक्यावर हे खापर फुटते. फाशीच्या दोराखाली प्रत्येक जण पुढे येऊन 'मी मारला' म्हणतो, आणि फाशी देणाऱ्याला दोर या गळ्यातून काढून त्या गळ्यात घालत बसावे लागते. मग न्हावी येऊन चिमट्याने काटा काढतो आणि प्रेत शिंकते. वगातल्या बतावणीला हा ऐवज जसाच्या तसा चालेल.

आता पुण्यामुंबईच्या कादंबरीकारांनी या यशातून काय उचलले ते बघा. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी फार मोकळेपणाने सांगून टाकले आहे की आम्हा हिंदूंच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आमच्या आयुष्यात मनोवेधक असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोजचेच लिहावे तर त्यात रस कसला. म्हणून लेखकाला अद्भुताकडे जावे लागते. मला ही प्रस्तावना मराठी टीकेतल्या सर्वांत प्रामाणिक वाक्यांपैकी वाटते, आणि नकळत विनोदीही. पण पुढे कादंबरीत शिरल्यावर रिसबूड एकदम गंभीर होतात. विमान येते, राजपुत्र येतो, विरह येतो, संस्कृत समासांच्या पंगती बसतात; जिनाला हंड्यात परत घालणारा कोळी कुठेच येत नाही. 'मुक्तामाला'चेही तेच. १८७० मध्ये केशव लक्ष्मण जोरवेकरांनी 'विचित्रपुरी' काढली. ही सगळी मंडळी अरबी गोष्टींतून चमत्कार घेऊन गेली. सुरस मागे राहिला.

म्हणून १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या कादंबऱ्यांतल्या असंभाव्य प्रकारांवर बोट ठेवले तेव्हा त्यांची बाजू बळकट होती. असंभाव्य गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगितली की ती खोटी वाटते. तीच गालात हसून सांगितली तर वाचक आणि लेखक यांच्यात एक गुपचूप करार होतो: हे खरे नाही हे तुलाही माहीत, मलाही माहीत, आता पुढे ऐक. मराठ्यांच्या टीकेला हा करार दिसला नाही, कारण त्यांच्यासमोरच्या नव्या कादंबऱ्यांत तो नव्हताच. तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, राजवाड्यांनी 'कादंबरी' हा दीर्घ निबंध लिहिला. अद्भुत आणि वास्तव हा भेद त्यांनी मोठ्या पल्ल्यावर मांडला, युरोपचे दाखले दिले, आणि मराठी अद्भुत कादंबरी कशी कमी पडते ते सांगितले. राजवाड्यांची झेप मोठी होती. पण त्यांच्या तराजूतही हसण्याचे वजन टाकायला पारडे नव्हते.

हरिभाऊंना दोष देण्याचा माझा विचार नाही. 'करमणूक'च्या अंकांतून १८९० पासून यमूची कहाणी येऊ लागली तेव्हा तिथे जिनाला जागा असणे शक्यच नव्हते. ज्या घरात विधवेच्या केशवपनाचा प्रश्न उभा होता त्या घराला वास्तव कादंबरीच हवी होती. मात्र एका घराची गरज म्हणून जी वाट धरली, तीच सगळ्या गावाची वाट ठरली. अद्भुत पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री आणि नाथमाधव यांच्याकडे गेले. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर वाचकांच्या पिढ्या लुब्ध होत्या, पण त्यात थरार आहे, हशा नाही. विनोद गेला कोल्हटकरांच्या सुदाम्याकडे, गडकऱ्यांच्या बाळकरामाकडे, चिं. वि. जोशींच्या चिमणरावाकडे आणि शेवटी बटाट्याच्या चाळीत. सगळा विनोद घरातला, कचेरीतला, चाळीतला. पु. लं.च्या चाळीत एखादा जिन भाड्याने राहायला आला असता तर काय बहार झाली असती! अण्णा पावश्यांनी त्याची पत्रिका मांडलीच असती. तो आला नाही, कारण तोवर जिन आणि चाळ हे दोन निरनिराळे वाङ्मयप्रकार ठरून गेले होते.

तुरळक अपवाद निघतील. पण मोठ्यांसाठी लिहिलेली, मनमोकळी हसवणारी आणि अद्भुताच्या नियमाने चालणारी मराठी कादंबरी अशी स्वतंत्र परंपरा झाली नाही, हे मान्य करायला हरकत नसावी. मग वाचकांची ती हौस गेली कुठे? इथे सोलापूरकडे परत यावे लागते.

उर्दू मोहल्ल्यांतल्या जुन्या माणसांशी बोलताना 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे नाव निघते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून हे जाडजूड खंड काढले. लिहिणारे मुहम्मद हुसेन जाह आणि नंतर अहमद हुसेन कमर. अमीर हमजा हा त्यातला नायक, पण ऐकणाऱ्यांचा जीव अमर अय्यारवर. हा चोर, बहुरूपी, कवडीचुंबक. त्याच्याकडे एक झोळी, तिच्यात सबंध शहरे मावतात, आणि जादूगारांना लुबाडून झाल्यावर तो त्यांच्या अंगावरचे कपडेही सोडत नाही. जादूगार जेवढा मोठा, फजिती तेवढी मोठी. कोळी आणि जिन यांचेच हे भाऊबंद. याच अय्यारांना देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये 'चंद्रकांता'त आणले आणि ती वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असे सांगतात. मराठीत 'हातिमताई' आणि 'गुलबकावली' आले, होशरुबाचा अमर मात्र आला नाही. सोलापूरकरांना तो ऐकून माहीत होता, कारण शेजार होता.

तेलुगू बाजू याहून जास्त रंगतदार आहे. मधिर सुब्बन्ना दीक्षितुलु यांच्या 'काशी मजिली कथलु' म्हणजे काशीयात्रेच्या मुक्कामामुक्कामाला सांगितलेल्या गोष्टी. यात्रा पायी, वाट लांब, आणि सोबतचा मुलगा गोष्टीशिवाय पाऊल टाकायला तयार नाही, असा तिचा बांधा. शहराजादची पहाट इथे मुक्काम झाली एवढेच. या गोष्टींच्या आणि अल्लाउद्दीनच्या आधाराने १९५१ मध्ये 'पाताळभैरवी' हा तेलुगू चित्रपट निघाला, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, नायक एन. टी. रामाराव, आणि एस. व्ही. रंगारावांचा तो नेपाळी मांत्रिक. त्याच मंडळींचा १९५७ चा 'मायाबाजार' म्हणजे तर हसऱ्या अद्भुताचा कळसच. घटोत्कच वधूचे रूप घेऊन लग्नमंडपात बसतो आणि वऱ्हाडाची दाणादाण उडवतो. जेवणाची सगळी ताटे एकटा फस्त करणारा तो राक्षस बघून हसली नाहीत अशी मुले मी पाहिली नाहीत.

लहानपणी आम्ही साखर पेठेत राहत होतो. पलीकडच्या घरी माग होता, आणि ओसरीवर विड्या वळणाऱ्या बायका बसत. त्या तेलुगू बोलत, आम्ही मराठी, आणि मधली भाषा दोन्हींची भेसळ. आमच्याकडे 'चांदोबा' येई. त्यांच्याकडे तेलुगू 'चंदामामा'. मद्रासच्या एकाच कचेरीतून निघणारी ही मासिके. तेलुगू-तमिळ अंक १९४७ मध्ये सुरू झाले, मराठी १९५२ मध्ये. चालक बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी, म्हणजे 'पाताळभैरवी' आणि 'मायाबाजार' काढणारे विजया प्रॉडक्शनचेच धनी! ही साखळी मला फार पुढे कळली. तेव्हा एवढेच दिसे की दोन्ही अंकांत चित्र तेच, मजकूर वेगळा. त्या घरातल्या थोरल्या अक्का विडी वळता वळता मला म्हणत, "ए बाळ, तुझ्यातला वेताळ काय म्हणतो ते सांग की रे." मी मराठीतून वाचायचा, त्या तेलुगूतून बाकीच्यांना सांगायच्या, आणि त्यांची मुलगी आपल्या अंकावरून आम्हा दोघांना चुकवायची. विक्रम राजाने तोंड उघडले की प्रेत झाडावर परत जाणार हे सगळ्यांना ठाऊक. तरी त्या क्षणी हशा ठरलेला. राजा दरवेळी तोच गाढवपणा करतो. गोष्टीच्या पोटातले न्यायाचे कोडे आम्हाला क्वचितच सुटे.

विद्यापीठाच्या भाषेत याला 'बहुभाषिक ग्रहण' की काहीसे म्हणतात. ओसरीवर त्याला नाव नव्हते. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की मराठी कादंबरीने सोडून दिलेली हौस सोलापुरात उपाशी राहिली नाही. ती शेजारच्या भाषेत जेवली, मुलांच्या मासिकात जेवली, पडद्यावर जेवली. मराठी पुस्तकांच्या कपाटात तिची नोंद सापडत नाही यात नवल नाही, कारण कपाटात असलेल्या पुस्तकांवरूनच आपण वाचकाची आवड ठरवतो. जे पुस्तक लिहिलेच गेले नाही, त्याच्या वाचकाची नोंद कोणत्या रजिस्टरात असणार?

रंगभूमीने मात्र हे देणे फेडत आणले, आणि तेही अगदी आरंभापासून. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या परंपरेतल्या नाटकांना पुढच्या सुशिक्षितांनी 'अललडुर्र' म्हणून हिणवले. हे नाव राक्षसांच्या आरोळीवरून पडले. राळेचे भपकारे, झाडाच्या फांद्या मोडत येणारा राक्षस, आणि त्याच रंगमंचावर सूत्रधाराशी वटवट करणारा विदूषक. भय आणि थट्टा इथे एकाच फळ्यांवर नांदत होते. नाटक सुधारले तेव्हा दोघेही एकदम बाहेर गेले, आणि तमाशाच्या फडाने त्यांना आत घेतले. हरिभाऊ वडगावकरांचे 'गाढवाचं लग्न' घ्या. शापाने गाढव झालेला गंधर्व आणि त्याचा मालक सावळ्या कुंभार. दादू इंदुरीकरांनी सावळ्या असा उभा केला की इंद्राच्या दरबारापेक्षा कुंभाराची झोपडी मोठी वाटावी. सोलापूर जिल्ह्यात मोडनिंबसारखी कलाकेंद्रांची गावे आहेत, जत्रांचे फड आहेत. इथल्या माणसाला स्वर्ग म्हटला की आधी हसू येते. सोंगाड्याने इंद्राची केलेली चौकशी त्याने लहानपणापासून ऐकलेली असते.

मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात हा प्रकार रत्नाकर मतकरींनी आणला, पण मुलांच्या तिकिटावर. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी. त्या प्रयोगांना पोरांपेक्षा आईबाप आणि आजोबा जास्त हसतात, हे कोणीही प्रेक्षागृहात मान वळवून पाहावे. मुलांना घेऊन आलो होतो, असे नंतर सांगता येते. मोठ्या माणसाला अद्भुतावर हसायचे असेल तर हाताशी एखादे मूल लागते, अशी आपल्याकडची परिस्थिती आहे. मराठीत आलेला 'हॅरी पॉटर आणि परीस' माझ्या ओळखीच्या दोन सेवानिवृत्त गृहस्थांनी 'नातवासाठी' म्हणून नेला आणि महिनाभर परत केला नाही.

गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या प्रतीवरून अरबी गोष्टींचे सोळा खंड मराठीत आणले तेव्हा एक संधी आली होती. शंभरएक वर्षे बालवाङ्मयात जाऊन बसलेले पुस्तक पुन्हा प्रौढांच्या हाती आले. चर्चा झाली ती बहुतेक त्यातल्या शृंगाराची. प्रौढ म्हणजे शृंगार, एवढेच आपण ठरवले. न्हावी पुन्हा एकदा बोलत राहिला आणि कोणी ऐकले नाही. मला स्वतःला त्या खंडांतली रांगडी, बायकी, कधी चावट, कधी मिस्कील मराठी कृष्णशास्त्र्यांच्या सोज्वळ मराठीइतकीच आवडते. दोघांनाही गोष्ट सांगताना घाई नाही.

कृष्णशास्त्र्यांचे पुस्तक आजही नव्या आवृत्तीत मिळते. सोलापूर आणि आसपासच्या वाचनालयांत ते कुठे ठेवतात हे मी गेल्या वर्षी विचारत फिरलो. एका ठिकाणी बालविभागात होते, वरच्या फळीवर, मुलांचा हात न पोचेल असे. दुसरीकडे 'अनुवादित'मध्ये, तिसरीकडे दुर्मिळ ग्रंथांच्या कुलूपबंद कपाटात. एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल बाईंनी बराच वेळ शोधले आणि मग आठवून म्हणाल्या, "सर, ते रॅकवर नसतंच हो. नेहमी कोणाकडे तरी गेलेलं असतं."